आपला आज्ञाधारक

दहावीच्या वर्गाला मी एकदा अर्ज लिहायला सांगितला होता. शाळेपासून बसथांब्यापर्यंतच्या रस्त्यावरचे तीन दिवे दोन महिने बंद होते. हिवाळ्यात जादा तास संपेपर्यंत अंधार पडायचा आणि मुली एकमेकींसाठी थांबून घोळक्यानेच निघायच्या. "या दिव्यांसाठी जिथे अर्ज करायला हवा तिथे करा," एवढंच मी म्हणालो. कुणाला करायचा ते मुद्दाम सांगितलं नाही. चाळीसेक कागद जमा झाले. सर्वांत मोठा गठ्ठा मुख्याध्यापकांच्या नावाचा होता. त्याखालोखाल मुख्यमंत्री, मग आमदार, मग वीज कंपनी. एकाने थेट पंतप्रधानांना लिहिलं होतं. ग्रामपंचायतीच्या नावाचे अर्ज एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि अर्ज कुणाच्याही नावाचा असो, खाली सही करण्याआधी बहुतेकांनी सवयीने तेच दोन शब्द लिहिले होते : आपला आज्ञाधारक.

याच मुलांनी महिनाभरापूर्वी सराव परीक्षेत सत्तेच्या विकेंद्रीकरणावरचं उत्तर उत्तम लिहिलं होतं. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती, स्थानिक शासनसंस्थांना मिळालेलं संविधानाचं पाठबळ, महिलांच्या राखीव जागा, सगळं शिस्तीत. मीच ते तपासलं होतं. त्या संध्याकाळी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो. इतकी वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. मुलांना काही येत नाही ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत कितीदा केली असेल. त्या दिवशी मात्र दिसलं की आम्ही जे शिकवलं होतं ते मुलांना चोख येत होतं. अर्ज मुख्याध्यापकांना करायचा असतो, सुट्टी हवी असली की करायचा असतो आणि शेवटी आज्ञाधारक म्हणून सही करायची असते, हे त्यांना आम्हीच पाचवीपासून शिकवलं होतं.

हल्ली मोबाइलवर अशा चित्रफिती फिरतात. कुणीतरी माइक घेऊन कॉलेजच्या फाटकाशी उभं राहतं. राज्याचे राज्यपाल कोण, प्रजासत्ताक दिन का साजरा करतात, विधानसभेत आमदार किती, असे प्रश्न येईल त्याला विचारतं. मुलगा गोंधळतो, मैत्रिणी हसतात, पाहणारेही हसतात. खाली लोक लिहितात, ही उद्याची पिढी. मला त्या हसण्याचा राग येतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची फजिती करून मोठ्यांनी स्वतःची सुटका करून घ्यायची, असा तो प्रकार आहे. हसणाऱ्या मोठ्यांपैकी किती जणांना आपल्या प्रभागाची सभा कधी भरते ते माहीत असतं? आणि राज्यपालांचं नाव ठाऊक असणं म्हणजे नागरिकशास्त्र येणं, हे कुणी ठरवलं? ते सामान्यज्ञान झालं. माणूस बदलला की उत्तर बदलतं. राज्यपाल काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत हा खरा प्रश्न, पण तो माइकवर कुणी विचारत नाही.

नागरिक म्हणून जगायला लागणारं ज्ञान तसं थोडंच आहे. कोणतं काम कोणाचं, त्याला पैसा कुठून येतो, तो खर्च करायचं कोण ठरवतं, नकार मिळाला तर पुढची पायरी कोणती. अर्ज दिल्यावर पोच मागायची असते. माहितीच्या अधिकारात सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं आणि नाही मिळालं तर अपील करता येतं. अटक झालेल्या माणसाला अटकेचं कारण सांगावं लागतं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. हे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. सतरावं वर्ष पूर्ण झालं की मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरून ठेवता येतो. यातली एकही गोष्ट अवघड नाही. बारावीच्या वर्गात एका तासात नमुना ६ भरून होईल. तरीही अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा सरकारी कचेरीत जायची वेळ आली की तो ओळखीचा माणूस शोधतो. त्याच्या वडिलांनीही तेच केलेलं असतं. कायद्यापेक्षा ओळख मोठी, हा धडा घरात मिळतो. तो पुसायची जबाबदारी शाळेची होती.

शाळेत मात्र या विषयाची जागा कुठे आहे ते पाहा. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत इतिहास आणि राज्यशास्त्राची एकच प्रश्नपत्रिका, ४० गुणांची. त्यातले २८ गुण इतिहासाचे, १२ राज्यशास्त्राचे. पुस्तकातही राज्यशास्त्र मागे, इतिहास संपल्यावर. जानेवारीत अभ्यासक्रम संपवायची घाई सुरू होते, कारण पूर्वपरीक्षा तोंडावर असते, आणि लोकशाहीसमोरची आव्हानं आठवड्याभरात उरकली जातात. मीही उरकली आहेत. "ना.शा. काय, आदल्या रात्री वाचलं तरी होतं," हे वाक्य मुलांच्या तोंडी येतं ते आमच्याकडून आणि पालकांकडून. गणित-विज्ञानाला खासगी शिकवणी असते. नागरिकशास्त्राला शिकवणी लावलेली मी तरी कधी पाहिली नाही. ज्या विषयाला १२ गुण, त्याला बारा गुणांइतकीच किंमत, हा हिशोब मूल फार लवकर शिकतं आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. मी शिकवलेली बालभारतीची पुस्तकं बरीच चांगली होती, भाषा सोपी, उदाहरणं आपली. अडचण क्रमाची आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा प्रशासन हे सहावीला. संविधानाची ओळख आणि मूलभूत हक्क सातवीला. संसद, न्यायव्यवस्था, राज्यशासन आठवीला. नववीला परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रं. दहावीला निवडणूक प्रक्रिया, पक्ष, चळवळी. म्हणजे जे शासन मुलाच्या दारासमोरच्या गटाराशी, नळाशी, दिव्याशी बांधलेलं आहे ते त्याला अकराव्या वर्षी भेटतं, जेव्हा कर आणि अंदाजपत्रक हे शब्द त्याच्यासाठी हवेतले असतात. पुढे मूल मोठं होत जातं तसतसा विषय त्याच्या दारापासून दूर जातो. नववीच्या मुलाला सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य पाठ असतात आणि आपल्या गावचा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) कोण ते माहीत नसतं. दहावीत विकेंद्रीकरण पुन्हा येतं, पण तेव्हा ते संविधानाच्या वाटचालीतलं एक कलम होऊन येतं, शेजारची इमारत म्हणून येत नाही. अकरावीत विज्ञान किंवा वाणिज्य घेतलं की हा विषय कायमचा सुटला. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं. पण बहुसंख्य मुलांचं शेवटचं नागरिकशास्त्र पंधराव्या-सोळाव्या वर्षीच संपतं.

शहरातल्या मुलांचं तर याहून विचित्र झालं. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे निवडून आलेलं सभागृह नव्हतं. कारभार प्रशासकांच्या हाती होता. आता २०२२ च्याच जूनमध्ये सहावीत गेलेल्या मुंबईच्या एका मुलीची कल्पना करा. तिने ‘शहरी स्थानिक शासनसंस्था’ हा पाठ वाचला. नगरसेवक लोकांमधून निवडून येतात, महापौर सभेचं कामकाज चालवतात, दर पाच वर्षांनी निवडणूक होते, असं लिहून ती पास झाली. सातवी झाली, आठवी झाली, नववीत गेली. या सगळ्या काळात तिच्या शहरात नगरसेवकही नव्हता आणि महापौरही नव्हता. तिने बाईंना विचारलं असेल का, की पुस्तकात आहे ते बाहेर का नाही? आणि विचारलं असेल तर बाईंनी काय सांगितलं असेल? पुस्तक आणि रस्ता यांचा मेळ बसत नसेल तर मूल रस्त्यावर विश्वास ठेवतं, पुस्तक फक्त पेपरापुरतं उरतं. म्हणून मुलांच्या अज्ञानाची चर्चा करताना सभागृहाविना गेलेल्या त्या वर्षांचा हिशोब मोठ्यांनी आधी द्यायला हवा.

याच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी होती. त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्याच भाषेत सफाईने वाचता येत नव्हता. ही पाहणी निवडक जिल्ह्यांतली होती, पण खेड्यात शिकवलेल्या कुठल्याही शिक्षकाला तो आकडा खोटा वाटणार नाही. माझ्या नववीच्या वर्गात दरवर्षी चार-पाच मुलं अशी असत की परिच्छेद वाचायला उभं केलं की त्यांना घाम फुटे. त्यांना मी मूलभूत हक्क काय शिकवणार? ज्याला नोटीस वाचता येत नाही त्याला ती वाचून दाखवणारा जे सांगेल तोच कायदा. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं आणि ते फेटाळलं गेलं, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचं मोफत शिक्षण प्रत्यक्ष सुरू केलं. संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांची मुदत घातली होती, म्हणजे १९६० पर्यंत. शिक्षणहक्क कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. एवढ्या उशिरा आलेला हक्क आता फक्त पटावर नाव असण्याचा हक्क होऊन बसला, तर त्या सगळ्या मागण्यांचं आपण काय केलं?

शिक्षकांकडे बोट दाखवणाऱ्यांनाही मला काही सांगायचं आहे. शिक्षणहक्क कायद्याचं २७ वं कलम म्हणतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी सोडून शिक्षकांना दुसरी अशैक्षणिक कामं देऊ नयेत. प्रत्यक्षात सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, पोर्टलवर पोर्टल, रोज कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती ‘आजच्या आज’ भरायची. दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक माहिती भरत बसला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. शिकवणं मग उरलेल्या वेळात.

तरीही एक खंत मला आमच्याबद्दलच वाटते. निवडणुकीचं काम आम्ही केलं, वर्षानुवर्षं केलं. मतदान केंद्रावर आदल्या दिवशी साहित्य घेऊन पोहोचायचं. सकाळी प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचं, यंत्रातली ती मतं पुसून दाखवायची, मग सील लावायचं. बोटाला शाई, नोंदवहीत सही, संध्याकाळी एकूण मतांचा हिशोब नमुना १७-क मध्ये भरून प्रतिनिधींना त्याची प्रत द्यायची. लोकशाहीचं याहून खरं प्रात्यक्षिक कुठल्या प्रयोगशाळेत मिळेल? आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन आम्ही काय सांगितलं? खूप थकलो, रात्री दोन वाजले, जेवणाची सोय नव्हती. निवडणूक प्रक्रियेचा पाठ आला तेव्हा आम्ही पुस्तकातूनच शिकवला. एका सहकाऱ्याने मात्र एकदा तासाला खडूचं खोकं घेऊन संपूर्ण मतदान केंद्र मांडलं होतं. मुलांनाच केंद्राध्यक्ष केलं, मुलांनाच उमेदवारांचे प्रतिनिधी. एका मुलीने विचारलं, "सर, माझ्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर?" त्यावर त्याने प्रदत्त मताची पद्धत करून दाखवली. त्या वर्गातल्या मुलांना तो तास अजून आठवतो. त्याला त्याबद्दल कुणी शाबासकी दिली नाही, कारण शाबासकीच्या कुठल्याही रकान्यात तो तास बसत नव्हता.

पण पुस्तक बदललं, गुण वाढवले, शिक्षकांना मोकळं केलं, तरी एक धडा उरतोच. तो शाळा रोज शिकवते आणि त्याचं पुस्तक नाही. वर्गप्रमुख कोण, ते सर ठरवतात. बोलणाऱ्यांची नावं तो फळ्यावर लिहितो आणि ज्याचं नाव लिहिलं त्याला "मी बोललो नाही" असं म्हणायची सोय नसते. शिक्षा आधी, चौकशी नंतर, किंवा नाहीच. सहलीचे पैसे किती आणि कशाचे, हे विचारणारा मुलगा आगाऊ ठरतो. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार मोडलेलं असतं आणि त्याबद्दल बोलायची जागा कुठेच नसते. तक्रारपेटी असते, तिची किल्ली कुठे आहे ते कुणाला ठाऊक नसतं. चौथ्या तासाला याच शाळेत आम्ही शिकवतो की प्रत्येक व्यक्तीला आपली बाजू मांडण्याचा अधिकार आहे. मूल दोन्ही ऐकतं. परीक्षेत एक लिहितं आणि आयुष्यात दुसरं वापरतं.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना हे फार स्पष्ट सांगितलं होतं. सांविधानिक नीतिमत्ता ही माणसात उपजत असणारी भावना नव्हे, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असं ते म्हणाले. पुढे ते असंही म्हणाले की इथली लोकशाही हा वरचा थर आहे, खालची माती मुळात लोकशाहीची नाही. माती बदलायची तर ती लहानपणीच, आणि ज्या जागेत मूल दिवसाचे सहा तास काढतं तिथेच. दुसरी जागा मला दिसत नाही. घरात बापाचा शब्द, गावात पुढाऱ्याचा, नोकरीत साहेबाचा. शाळा ही एकच जागा होती जिथे मुलाला सांगता आलं असतं की तुझाही शब्द ऐकला जाईल, आणि चुकलास तर तेही तुला कारण देऊन सांगितलं जाईल.

यासाठी कायद्यात जागा आहे, हे अनेकांना माहीतच नसतं. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत, निम्म्या सदस्य महिला असाव्यात, शाळेचा विकास आराखडा तिने करावा, अनुदान कसं खर्च होतं यावर तिने लक्ष ठेवावं. महाराष्ट्राने तिच्यावर दोन विद्यार्थीही घ्यायची तरतूद केली. कागदावर याहून चांगली लोकशाही कुणी मागू नये. व्यवहारात अनेक ठिकाणी इतिवृत्त आधी लिहिलं जातं आणि सह्या नंतर घरी जाऊन घेतल्या जातात. आई शेतावरून येते, दारात उभ्या उभ्या अंगठा देते किंवा सही करते, आणि तिचं मूल बाजूला उभं राहून ते पाहतं. सभा म्हणजे काय, हे त्या मुलाला त्या क्षणी कळतं. परिपाठात ते रोज संविधानाची उद्देशिका म्हणतं, राज्याने तसा निर्णय जानेवारी २०२० मध्ये घेतला आहे, आणि तो चांगलाच आहे. पण ‘अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’ यातलं ‘स्वतःप्रत’ म्हणजे काय, असं मी एकदा नववीला विचारलं, तर वर्गात शांतता. रोज खणखणीत आवाजात म्हणणारी मुलं ती. स्वतःला, म्हणजे आपणच आपल्याला दिलं, असं सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मग सरकारने नाही दिलं?" त्या एका प्रश्नावर आमचा पूर्ण तास गेला आणि मला त्या तासाचं अजिबात दुःख नाही.

काही जणांचं म्हणणं असतं की हक्कांचं फार झालं, मुलांना कर्तव्यं शिकवा. कर्तव्यं शिकवावीतच. ती १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली, अकरावं कर्तव्य २००२ मध्ये जोडलं गेलं आणि ते आपल्या मुलांना शिकवण्याचं, म्हणजे पालकांचं आहे. पण शाळेत कर्तव्य या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा रांगेत उभं राहणं आणि गप्प बसणं एवढाच केला जातो. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकस वृत्ती वाढवणं हेही एक मूलभूत कर्तव्यच आहे. ते पाळायचं तर प्रश्न विचारावे लागतात. कर्तव्याचा आग्रह धरणाऱ्यांनी ५१-क अनुच्छेद संपूर्ण वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.

दुसरी भीती राजकारणाची. दिव्यांच्या अर्जाचं कळल्यावर मला बोलावून घेण्यात आलं होतं. गावाशी वाकडं कशाला घेता, उद्या सरपंच म्हणतील शाळेतून मुलांना आमच्या विरोधात चिथवतात, असं मला समजावलं गेलं. समजावणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. वर्गखोलीची दुरुस्ती, कुंपण, पाण्याची टाकी, शाळेची किती तरी कामं गावाच्या मर्जीवर चालतात. पण याचा अर्थ असा की शाळाच आज्ञाधारक आहे, मग मुलं कशी वेगळी होतील? कोणत्या पक्षाला मत द्या हे वर्गात सांगणं गैर आहे, मी ते सांगणाऱ्या शिक्षकाच्या बाजूने कधी उभा राहणार नाही. बंद दिवा कोणाच्या अखत्यारीत आहे हे सांगणं मात्र राजकारण नाही. त्याला राजकारण म्हणणाऱ्यांना मुलांनी शिकू नये असंच वाटतं, असा माझा अनुभव आहे. महाविद्यालयांतल्या विद्यार्थी निवडणुका १९९० च्या दशकात हिंसेच्या कारणाने थांबल्या आणि २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तरतूद येऊनही गाडी पुढे सरकली नाही, त्यामागेही हीच भीती. निवडणुकीत मारामारी होते म्हणून निवडणूकच नको, हे उत्तर आपण विधानसभेच्या बाबतीत देत नाही.

मला विचाराल तर खेड्यात सुरुवात करायला पैसाही लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा. त्यातल्या तीन तारखांना शाळेत झेंडावंदन असतं. मुलं पांढऱ्या गणवेशात येतात, भाषणं होतात, खाऊ मिळतो आणि नऊ वाजता आम्ही त्यांना घरी पाठवतो. थोड्या वेळाने त्याच पारावर, कधी त्याच शाळेच्या पटांगणात, ग्रामसभा भरते. गणपूर्ती होत नाही म्हणून तहकूब होते. नववी-दहावीच्या मुलांना तिथे मागे बसून ऐकायला काय हरकत आहे? त्यांना मत नाही, बोलायचं नाही, फक्त पाहायचं. विषयपत्रिकेवर काय होतं, कोण बोललं, बायका किती होत्या, ठराव झाला की नुसती सही झाली, हे लिहून आणायचं. मुलं बघताहेत म्हटल्यावर मोठी माणसंही जरा नीट बसतील. गणिताच्या तासाला टक्केवारी शिकवायची तर ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक घ्यावं. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. उत्पन्न एवढं, तर ही रक्कम किती, आणि ती कशावर खर्च झाली? व्याजाच्या उदाहरणातल्या कुणा अ आणि ब पेक्षा हे गणित मुलं जास्त लक्ष देऊन सोडवतात, हे मी पाहिलं आहे.

दिव्यांच्या बाबतीत असंच झालं. अर्ज परत दिल्यावर मी मुलांना घरून घरपट्टीची पावती आणायला सांगितली. पंधरा-वीस जणांनी आणली. कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुणी रेशनकार्डात घडी घालून. पावतीवरच्या ओळी आम्ही मोठ्याने वाचल्या : घरपट्टी, पाणीपट्टी, आरोग्य कर, आणि चौथी ओळ दिवाबत्ती कर. एक मुलगी ती ओळ पुन्हा वाचून म्हणाली, "सर, म्हणजे दिव्याचे पैसे आम्ही भरलेत." मग अर्ज पुन्हा लिहिला गेला, या वेळी सरपंचांच्या नावाने. शेवटी काय लिहायचं यावर वाद झाला. ‘आपला विश्वासू’ कुणाला पटेना. शेवटी त्यांनी ‘दिवाबत्ती कर भरणाऱ्या घरांतील विद्यार्थी’ असं लिहून खाली सगळ्यांनी सह्या केल्या आणि दोन पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या.

चार जण अर्ज द्यायला गेले. मी सोबत गेलो नाही. ग्रामसेवकांनी कागद वाचला आणि विचारलं, हे लिहायला कुणी सांगितलं? मुलं गप्प राहिली. मग त्यांच्यातला एक म्हणाला, "साहेब, पोच द्या." शिक्का आणि आवक क्रमांक असलेली ती प्रत दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या हातांतून फिरली. दोन दिवे पंधरा दिवसांत लागले. तिसरा लागेना. त्यासाठी मुलांनी स्मरणपत्र लिहिलं. त्याचा मसुदा तपासून देऊ का, असं मी विचारलं, तेव्हा कळलं की ते आदल्या दिवशीच देऊन झालं होतं.